थंडीच्या लाटेत दहा कोंबड्या: खुराडं किती झाकायचं, किती उघडं ठेवायचं

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा ही राज्यभराची बातमी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर चार-पाच अंशांची नोंद होते, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली, आणि पेपरात फोटो येतात ते द्राक्षबागांत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचे. त्याच पहाटे तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात बायका खुराड्याचं दार भीतभीत उघडत असतात.

माझ्याकडे पहिल्या हिवाळ्यात चौदा गावरान कोंबड्या होत्या. थंडीची लाट येणार असं ऐकलं आणि मी बागेवरचा जुना प्लास्टिकचा कागद आणून खुराड्याला चारही बाजूंनी गुंडाळला. वरून ताडपत्री टाकली. राहिलेल्या फटी गोणपाटानं बुजवल्या. आठ दिवसांत तीन कोंबड्या गेल्या आणि बाकीच्या चोच उघडी टाकून खरखर श्वास घ्यायला लागल्या. शेजारच्या काकूंच्या कोंबड्या मात्र बाभळीच्या फांदीवर उघड्यात झोपत होत्या आणि सकाळी ठणठणीत खाली उतरत होत्या.

जनावरांचे डॉक्टर आले. कोंबड्यांकडे बघायच्या आधी त्यांनी ताडपत्रीच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला आणि ओला पंजा माझ्यापुढे धरला. म्हणाले, "ताई, बाहेरून दवानं भिजली असेल, मान्य. पण आतून कशानं भिजली?"

त्या प्रश्नाचं उत्तर कळलं की हिवाळ्यातलं कोंबडीपालन बरंचसं कळतं.

आधी थंडीची लाट म्हणजे काय

हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं? साधारणपणे रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावं लागतं आणि त्या दिवसांच्या नेहमीच्या तापमानापेक्षा ते किमान साडेचार अंशांनी घसरलेलं असावं लागतं. ही झाली रात्रीची गोष्ट. नाशिक, धुळे, जळगाव या पट्ट्यात त्याच दिवशी दुपारी पारा २७-२८ अंशांपर्यंत चढतो. पहाटे कुडकुडायचं आणि दुपारी सावली शोधायची. म्हणून इथलं खुराडं पहाटेला जसं चालायला हवं, तसंच दुपारलाही. काश्मीरच्या किंवा कॅनडाच्या खुराड्याची नक्कल इथे तशीच्या तशी उपयोगाची नाही. तिथून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे, ती पुढे येईल.

कोंबडीच्या अंगातली चूल

आपल्या अंगाचं तापमान ३७ अंश. कोंबडीचं साधारण ४१. म्हणजे आपल्याला ज्या तापमानाला डॉक्टरकडे पळावं लागेल, ते तिचं रोजचं. ही ऊब ती खाल्लेल्या दाण्यातून तयार करते आणि पिसांत साठवते.

पिसं कशी काम करतात ते बघायचं तर आपली गोधडी आठवा. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकंच. कोंबडी थंडीत फुगून बसते तेव्हा ती पिसं उभी करून त्यांच्यामधला हवेचा थर जाड करत असते. फुगलेली कोंबडी दिसली की लोक लगेच "आजारी पडली वाटतं" म्हणतात. पहाटे फुगलेली आणि ऊन आल्यावर झटकून दाणे टिपणारी कोंबडी चांगली आहे. भर उन्हात, डोळे मिटून, शेपूट पाडून फुगलेली असेल तर मात्र काळजी करा.

उघडे राहतात ते तुरा, चोचीखालचे लाल लोलक आणि पाय. पायांसाठी तिच्याकडे एक युक्ती आहे. खाली जाणारं गरम रक्त आणि पायातून वर येणारं गार रक्त अगदी शेजारून वाहतं, त्यामुळे खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्याला देऊन टाकतं. पाय गार राहतात, पण अंगाची ऊब वाया जात नाही. दांडीवर बसल्यावर ती बोटांवर पोटाची पिसं पसरते आणि चोच पंखात खुपसते. पूर्ण पिसं आलेली, पोटभर जेवलेली, कोरडी कोंबडी आपल्याकडची कुठलीही रात्र काढू शकते. काकूंच्या बाभळीवर तेच चाललं होतं.

या वाक्यात 'कोरडी' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. भिजलेली गोधडी पांघरून बघा. हवेच्या जागी पाणी शिरलं की ऊब टिकत नाही. दमट पिसांचं तेच होतं.

बंद खुराड्यात पाणी येतं कुठून?

हिशोब साधा आहे. एक कोंबडी थंडीच्या दिवसात साधारण २०० मिलिलिटर पाणी पिते. दहा कोंबड्यांचं झालं दोन लिटर. अंडं घातलं तर त्यात थोडं पाणी जातं. बाकीचं सगळं बाहेर पडतं. कोंबडीला घाम येत नाही आणि ती वेगळी लघवी करत नाही. मग पाणी बाहेर पडायच्या मुख्य वाटा दोन उरतात: श्वास आणि विष्ठा. ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं.

डिसेंबरात कोंबड्या संध्याकाळी सहाला आत जातात आणि सकाळी सातला बाहेर येतात. तेरा तास. म्हणजे त्या दोन लिटरांचा चांगला मोठा वाटा खुराड्याच्या आतच बाहेर पडतो. चारही बाजूंनी प्लास्टिक असेल तर ती वाफ जाणार कुठे? ती वर जाते, गार ताडपत्रीला लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे पहाटे, गारठा सगळ्यांत जास्त असतो तेव्हा, ते थेंब कोंबड्यांच्या पाठीवर टपकतात. हिवाळ्यात काचा बंद करून गाडीत चारजण बसले की काच धुकटते, तोच प्रकार. गाडीत आपण काच खाली करतो. कोंबडीला ती सोय नाही.

ओलीतून निघणारा वास

विष्ठेतला पांढरा भाग असतो ना, त्यात नत्र असतं. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया बनवतात. अमोनिया म्हणजे तो नाकाला झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा वायू. न धुतलेल्या मुतारीजवळ येतो तो वास. कोंबडीच्या श्वासनळीत बारीक केसांचा एक अस्तर असतो, धूळ आणि जंतू बाहेर लोटणारा. अमोनिया तो अस्तर निकामी करतो. एकदा ते केस गेले की एरवी निघून गेले असते ते जंतू आत ठाण मांडतात. नाक गळणं, चेहरा सुजणं, रात्री खरखर ऐकू येणं, हे सगळं त्यानंतरचं. लोक म्हणतात 'गारठा बाधला'. बऱ्याच वेळा बाधलेला असतो तो कोंदटपणा.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया २५ भागांच्या वर जाऊ नये असं कुक्कुटपालनात मानतात. हे मोजायला यंत्र लागत नाही. पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी, खुराड्याच्या दाराशी उकिडवं बसा आणि कोंबडीच्या उंचीला नाक न्या. उभ्यानं वास घेऊ नका, आपलं नाक फार वर असतं. झोंबलं तर समजा रात्रभर त्यांना झोंबलंय. दोन-तीन मिनिटांत नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो, म्हणून पहिल्या श्वासावरच विश्वास ठेवा.

"पण उघडं ठेवलं तर वारा लागणार नाही का?"

हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारते आणि तो रास्त आहे. उत्तर असं की वाऱ्याचा झोत आणि हवापालट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोत अंगावर येतो, पिसं उचकटतो आणि आतली अडकलेली हवा उडवून नेतो. हवापालट डोक्यावरून होते. जुन्या घरात चुलीच्या वर धुराडं असायचं. चुलीपाशी बसलेल्या माणसाला त्यातून वारा लागत नसे, पण धूर निघून जाई. खुराड्यालाही धुराडंच हवं.

माझ्याकडे आता असं आहे: खुराडं चार फूट बाय पाच फूट. आपल्याकडे हिवाळ्यात वारा मुख्यतः उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणून त्या बाजू खालपासून कोंबड्यांच्या डोक्याच्या वरपर्यंत पक्क्या बंद. दार दक्षिणेला, त्या बाजूला गोणपाटाचा पडदा. छताखाली लांबीच्या दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची पट्टी कायम उघडी, तिला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, कारण मुंगूस आणि रानमांजर हिवाळ्यातही उपाशी असतात. उत्तरेच्या पट्टीवर पत्र्याची झुकती झाप आहे, तिच्यामुळे वारा सरळ आत घुसत नाही. दुपारी दक्षिणेचं गोणपाट गुंडाळून वर बांधते म्हणजे खाली पसरलेल्या भुशापर्यंत ऊन पोचतं.

बरोबर जमलंय का हे बघायची घरगुती परीक्षा: कोंबड्या आत जायच्या आधी संध्याकाळी एक उदबत्ती पेटवून त्या झोपतात त्या उंचीला धरा. धूर सरळ संथ वर गेला आणि छताखालून बाहेर पडला तर उत्तम. धूर आडवा झोपला तर तिथे झोत आहे, ती फट शोधून बुजवा. धूर छताखालीच घुटमळत राहिला तर वरची पट्टी कमी पडतेय. परीक्षा झाली की उदबत्ती बाहेर आणा, आत भुसा असतो.

बर्फाच्या मुलखातली शिकण्यासारखी गोष्ट ती हीच. शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत प्रिन्स वुड्स नावाच्या डॉक्टरांनी अशी खुराडी सुचवली की त्यांची एक बाजू हिवाळाभर उघडीच असायची, फक्त जाळी लावून. कोंबड्या मागच्या, तीन बाजूंनी बंद असलेल्या खोल भागात झोपायच्या. बाहेर शून्याच्या कितीतरी खाली पारा आणि कोंबड्या कोरड्या. तिकडे खरी भीती तुरा गोठण्याची. गोठलेला तुरा काळा पडून झडतो. म्हणून कॅनडातल्या क्विबेकमध्ये विल्फ्रेड शाटेलां या मठवासी धर्मबंधूंनी १९०८ पासून खपून 'शांतक्लेर' नावाची जात तयार केली, तिचा तुरा आणि लोलक अगदी एवढेसे असतात. आपल्याकडे मैदानात तुरा गोठण्याइतकी थंडी पडत नाही. आपलं दुखणं ओलीचंच.

दांडी आणि गादी

जमिनीवर झोपलेली कोंबडी गार फरशीला किंवा ओल्या मातीला ऊब देऊन बसते. दांडी लाकडाची हवी, लोखंडी पाइप नको, कारण लोखंड पायातली ऊब ओढून घेतं. दोन इंच रुंद, वरून सपाट, कडा घासलेल्या, म्हणजे बोटं पोटाखाली झाकली जातात. एका कोंबडीला नऊ-दहा इंच जागा पुरते. त्या हिवाळ्यात आपण होऊन चिकटून बसतात.

खाली तूस किंवा लाकडाचा भुसा, चार इंच जाड. याला गादी पद्धत म्हणतात. गादी रोज सकाळी दाताळ्यानं वरखाली करायची. गोळा झालेला, ओला भाग उचलून उकिरड्यावर टाकायचा. मूठभर तूस हातात दाबून बघा: सोडल्यावर भुगा झाला तर कोरडं आहे, लाडू राहिला तर बदला. पाण्याचं भांडं रात्री खुराड्यात ठेवू नका. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, भांडं मात्र लवंडतं.

"बल्ब लावू? शेगडी ठेवू?"

मोठ्या कोंबड्यांना दोन्हीची गरज नाही. शेगडीला तर मी हात जोडून नको म्हणते. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू तयार होतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा सलग एकाच दिशेनं वाहते, त्यामुळे हवेतलं जे असेल ते त्याच्या रक्तात आपल्यापेक्षा लवकर उतरतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत ते याच कारणानं. वायू साठला तर आधी पक्षी कोसळायचा आणि माणसं बाहेर धावायची. शिवाय भुशावर एक ठिणगी पुरते.

बल्बची अडचण वेगळी. रात्रभर उबेत ठेवलेल्या कोंबड्यांना थंडीची सवय होत नाही, आणि लाटेच्या नेमक्या रात्री वीज गेली तर त्या अचानक गारठ्यात सापडतात.

पिलांचं मात्र सगळं उलट आहे. पिलांना पिसं नसतात, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. आई सोबत असेल तर ती सगळं बघते. नसेल तर पुठ्ठ्याचं गोल रिंगण करून वर बल्ब, एका पिलामागे साधारण दोन वॅट. पिलंच सांगतात किती ऊब हवी: बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर गारठलीत, कडेला पळून चोच उघडली असेल तर तापलीत, सगळीकडे पसरून खात असतील तर ठीक. घरची कोंबडी खुडूक झाली म्हणून ऐन पौषात रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची घाई करू नका. २१ दिवसांनी निघणारी पिलं कडाक्यातच सापडतात. माघ सरताना बसवली तर पिलं ऊन घेऊन वाढतात.

दाणापाणी

चुलीला लाकूड लागतं तसा कोंबडीला दाणा. अंड्यावरची कोंबडी रोज १००-१२० ग्रॅम खाते, थंडीत त्याहून जास्त मागते. तिचा नेहमीचा आहार तसाच ठेवून संध्याकाळी, झोपायच्या तासभर आधी, एकेकीला लहान मूठभर मक्याचा भरडा किंवा बाजरी द्या. रात्रभर ते पचत राहतं आणि पचताना ऊब देतं. सगळा आहारच मक्याचा केला तर प्रथिनं कमी पडतात आणि पिसं नीट येत नाहीत. बुरशी धरलेला मका अजिबात नको, स्वस्त मिळाला तरी.

सकाळचं पहिलं पाणी कोमट द्या. गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी झालं की दाणाही कमी खातात. गुळाचं पाणी, लसूण याबद्दल बायका विचारतात. थोडंसं दिल्यानं नुकसान नाही, पण लागलेला रोग त्यानं बरा होत नाही.

"थंडीनं अंडी बंद झाली"

यात थंडीचा दोष कमी आहे. अंडं ठरतं उजेडावर. कोंबडीला दिवस किती मोठा आहे हे फक्त डोळ्यांतून कळत नाही, कवटीतून झिरपलेला उजेड मेंदूपर्यंत थेट पोचतो. चौदा-पंधरा तास उजेड असेल तर ती जोमानं अंडी देते. नाशिकला २१-२२ डिसेंबरचा दिवस अकरा तासांचाही भरत नाही. त्यातच काहींची पिसं झडून नवी येत असतात, आणि पिसं जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचीच असतात. म्हणजे अंड्यात जायचा माल पिसांत जातो. पहाटे तीनेक तास छोटा दिवा लावला तर अंडी वाढतात, मोठे पोल्ट्रीवाले तेच करतात. दहा गावरान कोंबड्यांसाठी मी ते करत नाही. त्यांना या दोन महिन्यांची विश्रांती मिळावी असं मला मनापासून वाटतं.

जे रोग खुराड्यानं थांबत नाहीत

राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, लसीशिवाय थांबत नाही. पिलू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लशीचा थेंब आणि आठ आठवड्यांच्या आसपास आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि विरघळवली की दोनेक तासांत वापरावी लागते. म्हणून आमच्या गल्लीत आम्ही सातजणी एकाच दिवशी कोंबड्या डालग्याखाली कोंडून ठेवतो आणि एक कुपी सगळ्यांत पुरवतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवलं की लस थंड पेटीतून मिळते.

बर्ड फ्लूची भीती हिवाळ्यातच का, हेही विचारतात. नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत आला, परभणीच्या मुरुंब्याला २०२१ च्या जानेवारीत. हा विषाणू गारव्यात जास्त काळ टिकतो आणि याच दिवसांत रानपक्षी लांबून येतात. आमच्या तालुक्यात तर नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या 'रामसर' यादीत गेलेली राज्यातली पहिली जागा. ते पक्षी आमचं वैभव आहेत. फक्त आपल्या कोंबड्या त्यांच्या पाणवठ्यावर सोडू नका आणि तिथलं पाणी घरी आणून पाजू नका. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या कापू नका, ओढ्यात फेकू नका, दवाखान्यात कळवा.

"माझी एक कोंबडी आत्ताच गारठून पडलीये"

तिला चुलीजवळ ठेवू नका, एकदम तापवल्यानं ती आणखी ढासळते. आधी कोरड्या फडक्यानं पिसं टिपा, पिसांच्या दिशेनं. मग टोपल्यात भुसा आणि जुनं लुगडं घालून घरातल्या बंद पण हवेशीर कोपऱ्यात ठेवा. मान धरता आली की कोमट पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला, घशात ओतायचे नाहीत. उभी राहिली की भरडा कोमट पाण्यात कालवून द्या. खरखर असेल, हिरवी विष्ठा असेल किंवा मान वाकडी होत असेल तर बाकीच्यांपासून लांबच ठेवून डॉक्टरांना दाखवा. नुसती गारठलेली असेल तर दुसऱ्या दिवशी उन्हात सोडा आणि अंधार पडल्यावर गुपचूप दांडीवर इतरांच्या मध्ये बसवा. चार दिवस घरात राहिली तर बाकीच्या तिला परकी समजून टोचतात.